मुळांना काळी माती चिकटलेली होती, तरी मी ₹27,40,000 दिले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'किती बुडाले हो?' असं कोणी आवाज खाली घेऊन विचारायला नको. गावात सगळ्यांचं विचारून झालंय. मातीविना, नुसत्या पाण्यावर भाजी घ्यायच्या प्रकल्पात ₹27,40,000. त्यात बँकेचं कर्ज ₹15,00,000, मोडलेली एफडी ₹6,90,000, बायकोच्या दागिन्यांवर उचललेले ₹3,50,000 आणि मेहुण्याचे ₹2,00,000. मेहुणा अजून काही बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असे प्रकल्प विकायचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. हॉटेलचा हॉल, पडद्यावर हिरवेगार फोटो, फेटे बांधून बसवलेले 'यशस्वी शेतकरी', शेवटी जेवण. 'आम्ही उभारून देतो, माल आम्हीच उचलतो, दर करारात लिहून देतो.' इमू पक्ष्यांत हेच झालं, कडकनाथ कोंबड्यांतही हेच झालं. 2019 साली कडकनाथवाल्यांचे पैसे अडकले तेव्हा पारावर बसून त्यांना हसणाऱ्यांत मी होतो. म्हणून हे लिहायला जीभ जड होतेय, पण लिहितो, कारण मला बुडवणारी माणसं अजून मोकळी फिरतायत.

मला येडा समजू नका. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालत माझी उमर गेली. ठिबकातून खत सोडणं, पाण्याचा सामू (पीएच) बघणं, रोपवाटिकेतून ट्रे आणणं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण माझ्या रानात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी, असे बसलेत की झाड उपटलं की मुळांना गाठीच गाठी. त्यावर मर रोग. 2020 मध्ये विषाणूने फळांचे रंगच बिघडवले तेव्हा जुन्नर तालुक्यात कोणाचं काय झालं ते इथल्या माणसाला विचारा. अशा माणसाला कोणी सांगितलं की माती काढूनच टाका, पाण्यावर पीक घ्या, तर तो ऐकणारच. मुळात हायड्रोपोनिक्स काही थोतांड नाही. माती नाही तर सूत्रकृमी नाही, खुरपणी नाही, पाणी फिरून तेच वापरायचं. हे खरंच आहे. म्हणून तर ते विकता येतं.

दहा गुंठ्यांचं कोटेशन असं होतं: हरितगृह ₹11,60,000, पाइप आणि स्टँड ₹8,90,000, टाक्या, मोटारी आणि खत सोडायचं यंत्र ₹2,72,000, दिवे ₹3,18,000, प्रशिक्षण आणि सल्ला ₹1,00,000. बदल्यात 16,000 रोपं लेट्यूस (सॅलडची पानभाजी), चाळीस दिवसांत प्रत्येकी 150 ग्रॅम, म्हणजे 2,400 किलो, ₹120 ने ₹2,88,000. वर्षाला आठ वेळा. ₹23,04,000. हा हिशेब मी घरी तीनदा मांडला, तिन्ही वेळा बरोबर आला. बरोबर येणारच, गुणाकार चुकत नसतो. पण बाराही महिने लेट्यूस निघेल, हे त्या गुणाकारात कुठून आलं ते मी विचारलं नाही.

दिव्यांबद्दल मात्र विचारलं होतं. आपल्याकडे एप्रिलात ऊन कमी करायला शेडनेट ओढतात आणि हे जांभळे दिवे लावा म्हणतात! त्यावर कंपनीचा तो गुळगुळीत पोरगा म्हणाला, "दादा, कॅनडात याच दिव्यांखाली लोक घराघरात गांजा घेतात. 2018 पासून कायद्याने चालतं, घराला चार झाडं. मातीतून पाण्यावर नेली की झाड झपाट्याने वाढतं. तिथं तळघरात गांजा होतो, मग तुमच्याकडे लेट्यूस का होणार नाही?" हॉलभर हशा. मीही हसलो. तिथे बाहेर बर्फ असतो आणि तळघरात सूर्य येत नाही, म्हणून दिवे. इथे सूर्य फुकट आहे. (गांजाचं म्हणाल तर आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा आहे, झाड लावलं की थेट आत. हे त्याने अर्थातच सांगितलं नाही.) हशा पिकवून प्रश्न मारायची ही पद्धत ओळखून ठेवा. तुमच्या प्रश्नावर हॉल हसला, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.

आता ते, ज्याने रात्री झोप लागत नाही. पैसे भरायच्या आधी त्यांनी आम्हाला त्यांचा 'चालू प्रकल्प' दाखवायला नेलं. शेड थंडगार, पाइपांच्या रांगा, पाइपांच्या भोकांतून हिरवे गड्डे वर आलेले. मी एक जाळीचा कप उचलला. पाण्यावर वाढलेल्या लेट्यूसचं मूळ पांढरं असतं, लांब, पाइपात केसांसारखं पसरलेलं. आता मला हे पाठ आहे. त्या कपातलं मूळ गोळा झालेलं होतं, तपकिरी, आणि त्यात माती होती. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नव्हे. टोमॅटोची रोपं मी ट्रेमधूनच आणतो, कोकोपीट मला डोळे मिटून कळतं. ती काळी माती होती, बोटाला चिकटणारी. बायकोने पाइपात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हे तर कोरडं आहे. आणि मुळाला माती कशी?" मोटारीचा आवाजही नव्हता. म्हणजे कुठल्यातरी रानातून गड्डे उपटून, कपात कोंबून, त्या दिवसापुरते पाइपांत बसवलेले. इतकं उघड.

तेवढ्यात त्यांचे 'सर' चहा घेऊन आले. "नर्सरीतली असते ताई थोडी. आणि आता धुवायचा टाइम आहे, म्हणून पाणी बंद." बायको गप्प बसली, कारण मी तिच्याकडे डोळे वटारले. चारचौघांत खोट काढू नये म्हणून. सोबत एक निवृत्त कृषी अधिकारी होते, ते मान डोलवत होते. एका बँकेचा माणूस होता. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं मान डोलवत असताना दहावी झालेल्या शेतकऱ्याने म्हणायचं का, की तुमच्या मुळाला माती आहे? तुम्ही म्हणाला असतात का? खरं सांगा. ते निवृत्त साहेब कमिशनवर होते हे मला नंतर कळलं.

कप उचला, मूळ बघा. पाइपाच्या शेवटच्या टोकाला हात लावा, पाणी वाहतंय का बघा. आणि न सांगता जा, त्यांनी दिलेल्या तारखेला जाऊ नका.

पुढचं थोडक्यात. पाइप आले ते घराच्या सांडपाण्याला वापरतात ते, भोकं पाडलेले. शेतीच्या फीडरला वीज आठ तास, त्यातही कधी रात्रीची, आणि या पद्धतीत मोटार थांबली की उन्हाळ्यात तास-दोन तासांत रोप मान टाकतं, कारण मुळांपाशी पाण्याचा नुसता पापुद्रा असतो. कोटेशनमध्ये इन्व्हर्टर नव्हता. तो मी ₹68,000 ला वेगळा घेतला. त्यांचं 'स्पेशल' खत ₹650 लिटर, ए आणि बी अशा दोन बाटल्या. ए मध्ये काय? कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह. बी मध्ये मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅश, स्फुरद. वेगळं ठेवायचं कारण एवढंच की घट्ट द्रावणं एकत्र केली की साका तळाला बसतो. हे सगळं कृषी सेवा केंद्रात सुटं मिळतं.

थंडीत पहिला माल बरा निघाला. त्यांनी 320 किलो उचलला आणि ₹38,400 खात्यावर जमाही केले. हा गळाला लावलेला तुकडा. त्याच जोरावर माझ्या ओळखीच्या आणखी एकाने पैसे भरले, आणि त्याच्या घरावरून जायची आता मला लाज वाटते. मार्चपासून टाकीतलं पाणी तापलं. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं कुजायला लागतात. हरितगृहात पारा चाळिशीच्या वर. उरलेली रोपं गड्डा न धरता उंच होऊन फुलावर आली, पानं कडू जहर. कंपनी म्हणाली, 'क्वालिटी नाही.' करारात बारीक अक्षरात होतंच: 'कंपनीच्या निकषांनुसार.' निकष कोणते ते कुठेच नाही. पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्याने ₹30 किलो लावला, त्यात क्रेटचं भाडंही सुटलं नाही. बँकेचा हप्ता ₹26,080, तो मात्र दर महिन्याला वेळेवर येतो.

अनुदानाचं ऐका. 'निम्मं सरकार देतं, काम सुरू करा, फाइल आम्ही बघतो.' संरक्षित शेतीच्या योजनेत हरितगृहाला अनुदान आहे हे खरं, पण आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग काम. पूर्वसंमतीच्या आधी खड्डा जरी खणला तरी फाइल बाद. तालुक्याच्या कार्यालयात साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आम्हाला विचारून केलं होतं का?" साहेब, हीच कंपनी तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर पोस्टर लावून गेली होती, तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं होतं का? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हटलं.

मग पोलीस. ठाण्यात हवालदारांनी अर्ज वाचला, करार वाचला, आणि ते ठरलेलं वाक्य आलं: "हे दिवाणी मॅटर आहे. वकील बघा." मी म्हटलं, दाखवलेला प्रकल्पच खोटा होता, पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता, ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. "कलमं तुम्ही सांगणार आम्हाला?" कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात, मग तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे कुठून दिले, मग तिकडे जा. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कलम 173. छापील कागद घेऊन गेलो तर तो न वाचता परत केला. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे. ₹27,40,000 लहान! माझ्या बापाने आयुष्यात इतके पैसे एकत्र बघितले नव्हते. पाच-पन्नास जण एकत्र येऊन या, म्हणाले. म्हणजे आधी पन्नास घरं बुडू द्यायची, मग वही उघडायची. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्याने नाही घेतलं तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला वकिलाने ₹15,000 घेऊन सांगितलं, तुम्ही फुकट घ्या.

ग्राहक आयोगात जिल्ह्याला ₹50 लाखांपर्यंतची तक्रार चालते. तिथे त्यांच्या वकिलाने म्हटलं, हा ग्राहकच नाही, व्यापारी हेतूने घेतलंय. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबून केलेल्या धंद्याला कायद्यातच सूट आहे, ते आम्ही मांडलंय. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगात जाता येतं, त्याला घाबरू नका. तारीख पडलीय. पुन्हा पडेल.

मधल्या काळात गप्प बसवायला त्यांनी ₹2,50,000 चे तीन चेक दिले. पहिला परत आला, 'खाते बंद'. ठाण्यातले म्हणाले, थांबा, तडजोड करून देतो. या थांबण्यातच नोटीस द्यायचे 30 दिवस संपले. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नव्हते, म्हणून वकिलाने तो पुन्हा बँकेत टाकून वाचवला. तडजोड करून देणाऱ्या साहेबांची तोवर बदली झाली होती.

आणि आता मुद्दाम घाईने लिहायचं कारण. तीच माणसं, नवीन नाव, नवा हॉल. या वेळी बंद खोलीत, मातीविना, केशर. दहा बाय दहाच्या खोलीत वर्षाला दोन किलो म्हणे, आणि परत तोच हमीभाव. हिशेब करा. एका ग्रॅम सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. दोन किलोला तीन लाख फुलं. कंदाला सरासरी दोन फुलं धरली तरी दीड लाख कंद, एकेक दहा ग्रॅमचा म्हटला तर दीड टन कंद, दहा बाय दहाच्या खोलीत! फुलं वर्षातून एकदाच येतात. बारके कंद फुलतच नाहीत, आणि तेच गळ्यात मारले जातात. फुलून गेलेला कंद पुन्हा पोसायचा तर बहुतेक लोक त्याला मातीतच लावतात. काश्मीरात पांपोरला तो मातीतच असतो. 'बारा वर्षांचा अनुभव' म्हणतील, तेव्हा कंपनीची नोंदणी कधीची ते कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकटात बघा. माझ्यावेळची सात महिन्यांची होती.

ज्यांच्याकडे त्यांचे चेक पडून आहेत त्यांनी आज कपाट उघडा. परत आला असेल तर बँकेचा मेमो हातात पडलेल्या दिवसापासून 30 दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे, मग त्यांना 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. कोणी 'थांबा' म्हणालं तर थांबू नका. आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, जिथले असाल तिथले, पावत्या आणि करार घेऊन पुढे या. आर्थिक गुन्हे शाखेला पन्नास जण हवेत. मी धरून आत्ता अकरा आहोत.