आठ महिने अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या भरवशावर: चार डेबियन सर्व्हरचा अनुभव

माझ्या देखरेखीखाली चार सर्व्हर आहेत. दोन वेबसाठी, एक डेटाबेससाठी आणि एक मेल व बॅकअपसाठी. चारही सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली आहे. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांची अपडेट्स मी हाताने करत असे. दर शुक्रवारी करायची असा नियम होता, पण एखादे तातडीचे काम आले की तो शुक्रवार सहज पुढच्या शुक्रवारवर जाई. एकदा मेल सर्व्हरवर लॉगिन केले तेव्हा मागच्या अपडेटला सव्वा महिना उलटून गेल्याचे लॉगवरून लक्षात आले, आणि रखडलेल्या पॅकेजेसमध्ये सुरक्षेशी थेट संबंध असलेली बरीच होती. त्याच दिवशी मी अनअटेंडेड-अपग्रेड्स हे अपडेट्स आपोआप करणारे पॅकेज चारही ठिकाणी बसवले. ते मी अजून काढलेले नाही आणि काढणारही नाही. मात्र ते बसवले म्हणजे काम संपले, हा माझा समज तिसऱ्या महिन्यात मोडला.

बसवणे अगदी सोपे आहे. एपीटीच्या, म्हणजे डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या, कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये दोन ओळी चालू कराव्या लागतात. बाकीचे सिस्टिमडीचे, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचे, दोन टायमर पाहतात. पहिला टायमर सकाळी आणि संध्याकाळी सहाला पॅकेजांच्या याद्या उतरवतो, पण जगभरातली सगळी यंत्रे एकाच क्षणी आरशांवर (पॅकेजेसच्या प्रती पुरवणाऱ्या सर्व्हरवर) तुटून पडू नयेत म्हणून त्यात बारा तासांपर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळलेला असतो. दुसरा टायमर सकाळी सहाच्या पुढे तासाभरात प्रत्यक्ष अपडेट बसवतो. यामुळे एखादा पॅच प्रसिद्ध झाल्यापासून तो माझ्या सर्व्हरवर येईपर्यंत साधारण एक दिवस जातो. माझ्या शुक्रवारांच्या तुलनेत हे खूपच बरे आहे. पहिला आठवडा मी ड्राय-रनचा पर्याय वापरून, म्हणजे काहीही न बसवता, हे साधन काय बसवले असते एवढेच पाहत राहिलो. नव्याने वापरणाऱ्याने हा आठवडा वाचवू नये, कारण आपल्या सर्व्हरवर नेमके काय काय आहे याची खरी ओळख मला याच काळात झाली.

कोणत्या स्रोतातली पॅकेजेस आपोआप घ्यायची, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. इथे उबुंटू आणि डेबियन यांचे मूळ धोरण वेगळे आहे आणि हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो. उबुंटूमध्ये सुरक्षा अपडेट्स आपोआप येतात, पण इतर दुरुस्त्यांच्या स्रोताची ओळ मुळात बंद असते. डेबियनच्या मूळ फाइलमध्ये मात्र सुरक्षा स्रोताबरोबर मुख्य स्थिर स्रोतही चालू असतो, त्यामुळे अधूनमधून येणाऱ्या पॉइंट रिलीजमधले (त्याच आवृत्तीच्या साठलेल्या दुरुस्त्यांच्या संचातले) बदलही, अगदी नव्या कर्नलसह, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यासह, माणसाला न विचारता येतात. बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ च्या वेळी आलेल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलसिस्टिमवरचा डेटा खराब करू शकणारा दोष निघाला, १२.३ च्या इन्स्टॉलेशन प्रतिमा थांबवाव्या लागल्या आणि लगेच १२.४ आणावी लागली. हे साधन बसवताना ती घटना माझ्या डोक्यात होती. म्हणून मी फक्त सुरक्षा स्रोत चालू ठेवला आणि पॉइंट रिलीज प्रसिद्ध झाल्यावर चार-पाच दिवस थांबून हाताने घेण्याचे ठरवले. सुरक्षा पॅचला उशीर परवडत नाही. इतर दुरुस्त्यांना परवडतो. दोन्हींना एकाच घाईने वागवणे मला पटत नाही.

आता तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन पुरवणाऱ्या लायब्ररीचे सुरक्षा अपडेट आले, पहाटेच्या फेरीत बसले, लॉगमध्ये यशाची नोंद झाली आणि मलाही तसा मेल आला. दोन आठवड्यांनी वेगळ्याच कारणासाठी मेल सर्व्हरवर चालू प्रक्रियांनी उघडलेल्या फाइल्सची यादी काढली, तर मेलची सेवा डिस्कवरून पुसली गेलेली जुनी लायब्ररीच वापरत होती. तिच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा होता. लिनक्समध्ये फाइल बदलली तरी जी प्रक्रिया ती आधीच उघडून बसलेली असते तिच्या स्मृतीत जुनीच प्रत राहते. सेवा पुन्हा सुरू होईपर्यंत नवा पॅच डिस्कवर नुसता पडून असतो. पॅकेज व्यवस्थापकाला विचारले तर तो खरेच सांगतो की नवी आवृत्ती बसली आहे. आवृत्ती तपासणारे स्कॅनरही तेच सांगतात. दोघेही खरे बोलतात आणि तरीही सेवेतले भोक उघडे असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या दोषाच्या वेळी पॅच बसवल्यानंतरही सेवा पुन्हा सुरू करा, असे वारंवार सांगावे लागत होते ते याच कारणाने. मला हे माहीत होते. माहीत असून मी ते यंत्रावर सोपवले आहे असे गृहीत धरले, ही चूक माझी.

यावरचा उपाय म्हणजे नीडरीस्टार्ट. अपडेटनंतर कोणत्या सेवा अजून जुन्या लायब्ररीवर चालत आहेत हे ते शोधते. पण इथेही एक खाच आहे. त्याची मूळ पद्धत माणसाला विचारण्याची आहे, आणि विचारायला समोर माणूसच नसेल, म्हणजे अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या फेरीत, ते फक्त यादी करून थांबते. तसे त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्येच स्पष्ट लिहिलेले आहे. मी दोन वेब सर्व्हर आणि मेल सर्व्हर यांवर ते स्वयंचलित पद्धतीवर ठेवले आणि डेटाबेसवर यादीपुरतेच राहू दिले. डी-बस (प्रक्रियांमधला निरोप्या) किंवा लॉगिन-व्यवस्थापनासारख्या ज्या सेवा मध्येच बंद करणे धोक्याचे असते त्या मूळ फाइलमध्येच वगळलेल्या आहेत, आणि ते योग्य आहे. मात्र त्यामुळे त्यांच्यासाठी अखेर रीबूटच करावे लागते. एक गमतीचा, पण बोधक तपशील असा की नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द नीडरीस्टार्टमध्येच सामान्य वापरकर्त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊ देणारे दोष क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केले, आणि ते २०१४ पासून त्यात होते. पहारेकऱ्यावरही पहारा लागतो. त्याचा पॅच मात्र अनअटेंडेड-अपग्रेड्सच बसवते.

डेटाबेसचे प्रकरण वेगळे आहे. पोस्टग्रेस्क्यूएलचे पॅकेज बदलले की त्याची सेवा पुन्हा सुरू होते आणि त्या क्षणी चालू असलेली सर्व कनेक्शन्स तुटतात. पहाटे सहाला, बॅकअपची फेरी अर्धवट असताना, हे एकदा घडले. त्यानंतर मी वगळण्याच्या यादीत पोस्टग्रेस्क्यूएल टाकले. या यादीतली नोंद नावाच्या सुरुवातीशी जुळवली जाते, त्यामुळे त्या नावाने सुरू होणारी सर्व पॅकेजेस वगळली जातात. क्लायंट लायब्ररीचे नाव वेगळ्या अक्षरांनी सुरू होत असल्याने ती मात्र अपडेट होत राहते, आणि मला तेच हवे होते. किंमत उघड आहे: डेटाबेसच्या सुरक्षा दुरुस्त्या आता माझ्या अंगावर आहेत. जे पॅकेज यादीत घातले ते आपल्या दिनदर्शिकेतही घातले पाहिजे, नाहीतर वगळण्याची यादी ही विसरण्याची यादी बनते.

रीबूटचा पर्याय मूळात बंद असतो. कर्नलचे अपडेट आले की रीबूट आवश्यक असल्याची खूण सांगणारी एक रिकामीवजा फाइल तयार होते आणि बस्स. वेब सर्व्हर दोन असल्याने मी त्यांना वेगवेगळ्या रात्री, पहाटे दोन आणि चार वाजता, आपोआप रीबूट होऊ दिले. डेटाबेस आणि मेलचे रीबूट मी स्वतः करतो. इथेही एक धडा मिळाला. एका रात्री मी वेब सर्व्हरवर लांबलचक लॉग तपासत बसलो होतो आणि बरोबर दोन वाजता टर्मिनल गेले. कोणी लॉगिन असले तरी रीबूट करावे, असेच मूळ धोरण आहे. ते बदलण्याची ओळ त्याच फाइलमध्ये होती आणि मी ती वाचली नव्हती. विचार केल्यावर मी ती तशीच ठेवली. कोणीतरी उघडे ठेवून विसरलेले एक सत्र कर्नलचा पॅच आठवडाभर अडवून ठेवते, त्यापेक्षा माझी एक रात्र गेलेली बरी.

पाचव्या महिन्यात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. एका वेब सर्व्हरवर एका पॅकेजचे अपडेट एकोणीस दिवस बसलेच नव्हते. कारण असे की त्या सर्व्हरवर मी त्या पॅकेजची मुख्य कॉन्फिगरेशन फाइल हाताने बदललेली होती आणि नव्या पॅकेजमध्ये त्याच फाइलची नवी प्रत होती. अशा वेळी कोणती ठेवायची हा प्रश्न माणसाने सोडवायचा असतो, म्हणून हे साधन ते पॅकेज बाजूला ठेवते आणि हाताने अपडेट करावे लागेल अशी नोंद लॉगमध्ये करते. हे वागणे शहाणपणाचे आहे. माझ्या फाइलवर परस्पर पाणी फिरवले असते तर माझे बदल गेले असते. जुनी प्रत सक्तीने ठेवण्याचा पर्याय डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाला, देता येतो, पण मी मुळावर उपाय केला: स्वतःचे सगळे बदल मुख्य फाइलमधून काढून तिच्या शेजारच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये लहान फाइल्सच्या रूपात ठेवले. त्या पॅकेजची मुख्य फाइल तो फोल्डर आपोआप वाचते. तेव्हापासून तिथे एकही पॅकेज अडलेले नाही.

ओपनएसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारी सेवा, हिच्यावरून एका तपासणी अहवालाशी माझा वाद झाला. स्कॅनरने आवृत्ती ९.२ पाहून आमचे सर्व्हर धोक्यात असल्याचा लाल शेरा मारला होता, कारण १ जुलै २०२४ रोजी जाहीर झालेला, रीग्रेशन (regreSSHion) नावाने ओळखला गेलेला दोष मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये दुरुस्त केला. पण डेबियन स्थिर आवृत्तीत नवी ९.८ आणून बसवत नाही. फक्त दुरुस्तीचा भाग जुन्या ९.२ वर चढवते आणि आवृत्तीच्या शेपटाचा आकडा वाढवते. ते शेपूट वाचायचे कष्ट त्या स्कॅनरने घेतले नव्हते. डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरवर सीव्हीई क्रमांक (दोषाचा जाहीर ओळखक्रमांक) घालून कोणत्या शेपटापासून पॅच आहे हे दाखवल्यावर शेरा मागे घेतला गेला. त्यातही मौज अशी की त्याहून जुन्या डेबियन ११ मधली ८.४ ही आवृत्ती त्या दोषातून मुळातच सुटली होती, कारण २००६ मध्ये बुजवलेले भोक ८.५ च्या वेळी चुकून पुन्हा उघडले होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी जाणूनबुजून घुसवलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हाही डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले आणि नवनवीन आवृत्त्यांच्या मागे धावणारे सापडले. सर्वांत नवे म्हणजे सर्वांत सुरक्षित, असे मानणाऱ्यांना मी ही दोन उदाहरणे देतो.

या साधनाच्या आवाक्याबाहेर काय राहते, हेही सांगितले पाहिजे. इतर प्रकल्पांच्या स्वतंत्र रिपॉझिटरी, जोपर्यंत आपण त्यांचे स्रोत यादीत लिहीत नाही तोपर्यंत, त्याला दिसतही नाहीत. पिप (पायथनचे) किंवा एनपीएम (जावास्क्रिप्टचे) या पॅकेज साधनांनी बसवलेल्या गोष्टींचे तेच. कंटेनरचे, म्हणजे आपल्या लायब्ररी सोबत घेऊन वेगळ्या चालणाऱ्या सेवांचे, तर विचारूच नका: होस्टवर ओपनएसएसएल अद्ययावत होते आणि त्याच होस्टवरच्या कंटेनरमध्ये प्रतिमा बांधली गेली त्या दिवसाची लायब्ररी आरामात चालू राहते. आमच्याकडे एक प्रतिमा चौदा महिने जुनी निघाली. आता दर आठवड्याला प्रतिमा नव्याने बांधल्या जातात. अनअटेंडेड-अपग्रेड्सचा त्यात काहीही वाटा नाही.

शेवटची तक्रार मेलबद्दल आहे. अहवाल कधी पाठवायचा याचे पर्याय आहेत. मी काही बदल झाला तरच पाठवण्याचा पर्याय निवडला होता. सहाव्या महिन्यात एका सर्व्हरकडून तीन आठवडे काहीच आले नाही आणि मी ते शुभ लक्षण मानले. प्रत्यक्षात त्या सर्व्हरवरून मेल बाहेरच जात नव्हता. आता मी मेलवर विसंबत नाही. शेवटची यशस्वी फेरी कोणत्या वेळी झाली आणि रीबूटची खूण किती दिवसांपासून आहे, या दोन गोष्टी देखरेखीची यंत्रणा स्वतः येऊन विचारते, आणि फेरी दोन दिवसांपेक्षा जुनी झाली की मला उठवते.

तरीही एक प्रसंग असा आहे जिथे ही तपासणीही फसेल. बसवण्यासारखे काहीही नसले की लॉगमध्ये एकच वाक्य येते: आपोआप अपडेट करण्याजोगे एकही पॅकेज सापडले नाही. सर्व्हर पूर्ण अद्ययावत असला तरी हेच वाक्य येते, आणि ज्या आवृत्तीला पॅच येणेच बंद झाले आहे तिच्यावरही हेच वाक्य, तितक्याच शांतपणे, दररोज यशस्वी फेरीच्या शिक्क्यासह येत राहील. डेबियन १२ ही १० जून २०२३ रोजी आली. सुरक्षा पथकाची नियमित देखभाल तीन वर्षांची, म्हणजे जून २०२६ पर्यंतची, आणि त्यापुढे एलटीएस (दीर्घकालीन देखभाल) पथकाची जून २०२८ पर्यंतची आहे. एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याचे काम हे साधन करत नाही आणि करूही नये. म्हणून त्या दोन्ही तारखा मी देखरेखीच्या यंत्रणेत, चारही सर्व्हरच्या नावांसमोर, हाताने लिहून ठेवल्या आहेत.