लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फोटोसंग्रह: गेटिसबर्गची नेमकी जागा शोधायला किती कामाचा?

अमेरिकन यादवी युद्धाच्या काचेच्या निगेटिव्हांचा हा ऑनलाइन संग्रह म्हणजे तेव्हाची आणि आजची रणभूमी ताडून पाहणाऱ्यांसाठी खजिनाच, तोही फुकट. जेपेगवर भागवू नका, सगळ्यात मोठी टिफ फाइलच उतरवा. गेटिसबर्गच्या रणभूमीवरच्या डेव्हिल्स डेन या खडकाळ भागाच्या जुलै १८६३ मधल्या फोटोंत खडकांवरच्या बारीक चिरा त्यातच नीट दिसतात आणि जागेची खात्री पटते ती त्या चिरांवरूनच. झाडांवर मात्र विसंबू नका.

जागेवर गेल्यावर जवळचा एक खडक आणि त्यामागचा एक खडक धरा. जवळचा खडक मागच्याला फोटोत झाकतो त्याहून कमी-जास्त झाकत असेल, तर झूम फिरवून काही होणार नाही. स्वतःच सरकायला हवं. दोन्ही जुळले की मगच झूम.

कच्चा दुवा एकच, फोटोखालच्या मूळ ओळी. छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या प्रसिद्ध फोटोतला दगडी आडोशामागचा मेलेला ‘शार्पशूटर’ (नेमबाज सैनिक) घ्या. तेच प्रेत दुसऱ्या जागीही टिपलेलं आहे. आडोशापाशी ते उचलून आणलं होतं. फोटो ताडून आणि खडक जुळवून हे उघड झालं. त्यामुळे ओळ वाचा, पण विश्वास दगडावर ठेवा.