बीओव्हीची व्हॅक्युम लाइन: टी मारून घ्यायची की मॅनिफोल्डवरून वेगळी ओढायची?

साताऱ्यात आता टर्बो पेट्रोल गाड्या लय झाल्यात, पोरं बीओव्ही (ब्लो-ऑफ व्हॉल्व, पाय उचलल्यावर टर्बोची अडकलेली हवा सोडून देणारा) बसवताना व्हॉल्व कुठल्या कंपनीचा, आवाज कसा येतो यावर तासभर बोलतात, पण त्याला जाणारा तो बारका पाइप कुठून घ्यायचा ते मात्र गॅरेजवाल्यावर सोडून देतात. माझं मत आधीच सांगतो, व्हॉल्व थोडा स्वस्तातला घेतला तरी चालंल पण लाइन नीट घ्या.

काम कसं चालतंय ते बघा. व्हॉल्वच्या खालच्या बाजूला टर्बोकडून येणारी दाबाची हवा, वरच्या बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डची (थ्रॉटलनंतर इंजिनात हवा वाटून देणारा भाग) लाइन. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना दोन्हीकडं जवळपास सारखाच बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, असतो, म्हणून स्प्रिंग व्हॉल्व बंद धरून ठेवते. पाय उचलला, थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) मिटला, की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम होतो आणि तोच या लाइनमधून व्हॉल्वमधला पिस्टन वर खेचतो. म्हणजे वरच्या चेंबरमधला बूस्ट उतरून तिथं व्हॅक्युम यायला जेवढा वेळ, तेवढा व्हॉल्व उशिरा उघडणार. तेवढ्यात हवा उलटी फिरून कॉम्प्रेसरवर आदळते, यवतेश्वरचा घाट चढताना दुसऱ्यावरनं तिसरा टाकला की काच खाली असेल तर डोंगराच्या बाजूनं ती तुतुतुतु सरळ ऐकू येते. कमी बूस्टवर त्यानं लगेच टर्बो जात नाही, पण टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर लोड येतोच, आणि गिअर पडल्यावर पुन्हा बूस्ट भरायला गाडी रेंगाळते.

आता टी मारायचं, म्हणजे आधीच असलेल्या पाइपमधे टी आकाराचा जोड घालून फाटा काढायचा. पटकन होतं, नवीन पोर्ट शोधावा लागत नाही, म्हणून सगळे तेच करतात. पण समजा बूस्ट गेजच्या लाइनला टी मारला, तर ती लाइन डॅशबोर्डपर्यंत गेलेली असते, मग त्या सगळ्या लांबीतली हवासुद्धा त्याच पोर्टमधून खेचावी लागते आणि व्हॉल्व सुस्त होतो, वर गेजचा काटापण थरथरतो. जुन्या गाडीत फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या लाइनवर टी मारला आणि तिथं लीक झालं तर पेट्रोलचं प्रेशरच बिघडतं. आणि ब्रेक बूस्टरच्या पाइपला तर हातच लावू नका, कुणी कितीही सांगूदे. तिथं लीक झालं तर ब्रेक पेडल कडक होतं, आणि आपल्याला पसरणीचा घाट उतरायचा असतो.

वेगळी लाइन म्हणजे थ्रॉटल बॉडीच्या पुढं, मॅनिफोल्डवरच्या स्वतंत्र पोर्टवरून सरळ व्हॉल्वपर्यंत, जमेल तेवढी आखूड, मधे दुसरं काही नाही. थ्रॉटलच्या अलीकडून, टर्बोच्या बाजूनं घेतली तर तिथं व्हॅक्युम कधी येतच नाही, मग व्हॉल्व शोभेला. बऱ्याच गाड्यांत रबरी टोपी घातलेला रिकामा निपल सापडतो, आधी तो शोधा. नसेल तर पोर्ट असलेला स्पेसर थ्रॉटल बॉडीखाली बसवता येतो. मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून ड्रिल मारू देऊ नका, चुरा सरळ इंजिनात जातो. खर्च आणि वेळ टीपेक्षा जास्त लागतो हे खरंय, पण मी तरी हेच करीन.

पाइपचं बघायचं तर साधा रबर उष्णतेनं कडक होऊन निपलपाशी तडकतो. सिलिकॉन उष्णता छान सोसतो, पण पातळ भिंतीचा घेतला तर व्हॅक्युममध्ये चपटा होतो, आणि ऑइलच्या वाफेनं हळूहळू फुगून मऊ पडतो. त्यामुळं जाड भिंतीचा घ्या, आणि झिप टाय करकचून आवळू नका, कड रुतते तिथंच सिलिकॉन फाटतो. फाटलं की बूस्टमध्ये वरचा दाब निसटून व्हॉल्व अर्धवट उघडतो, पिकअप गळतो, आणि आयडलला बाहेरची हवा ओढून आरपीएम वरखाली होतो. नुसती चांगली लाइन टाकून पॉवर वाढत नाही, खराब लाइननं मात्र नक्की जाते.

उंचीचापण हिशोब धरा. समुद्रसपाटीला आयडलचा व्हॅक्युम साधारण 18 ते 22 इंच (पाऱ्याचे) असतो आणि दर 1000 फुटांना जवळपास एक इंच कमी होतो. महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर, म्हणजे चारेक इंच गेलेच. खाली जेमतेम उघडणारी कडक स्प्रिंग वर गेल्यावर आळशी होणार, त्यात टीची लांब लाइन असली तर विचारूच नका.

बूस्ट कंपनीचाच, व्हॉल्व बारका आणि टी पोर्टजवळच आखूड बसत असेल तर टी चालून जाईल. रीमॅप केलंय (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवलाय), मोठा पिस्टनवाला व्हॉल्व आहे, घाटात रोज जाणं-येणं आहे, तर वेगळीच ओढा. डिझेलवाल्यांनी यात पडूच नये, तिथं पेट्रोलसारखा थ्रॉटलमुळं होणारा व्हॅक्युम नसतो, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) लावून नुसता आवाज काढून देतात.

तुतुतुतु आधीच येत असेल तर नवीन व्हॉल्वला पैसे घालण्याआधी लाइन मॅनिफोल्डकडनं काढून हातपंप लावा, 15-20 इंच खेचा, पिस्टन उचलतोय का आणि पंपाचा काटा जागेवर टिकतोय का बघा. काटा पडला तर आधी पाइप बदला आणि परत खेचून बघा.