डेटा-रेट कन्व्हर्टर: स्कझी, आयडीई आणि मोडेमच्या हिशेबासाठी काही महिने वापरल्यानंतर

जुन्या हार्ड डिस्कवरचा डेटा बाहेर काढणं हे माझं काम. त्यात एक प्रश्न सतत येतो: या वाटेने न्यायचा तर किती वेळ लागेल? त्यासाठी गेले काही महिने एक डेटा-रेट कन्व्हर्टर, म्हणजे डेटाचा वेग एका एककातून दुसऱ्यात बदलून देणारं साधन, वापरतोय. दोन याद्या, त्यातून दोन एककं निवडायची, आकडा टाकायचा, उत्तर हजर. यादी भरगच्च आहे. ३०० बीपीएसच्या (सेकंदाला ३०० बिट) मोडेमपासून, म्हणजे फोन लाइनवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्रापासून, अल्ट्रा-१६० स्कझीपर्यंत (स्कझी म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क जोडायची एक पद्धत) सगळं सापडतं, आणि इंटरनेट नसलं तरी चालतं.

गणित चोख आहे, हे आधी सांगतो. सिंक्रोनस स्कझी-१ चे सेकंदाला ५ एमबी म्हणजे ४ कोटी बिट, ५६के मोडेमच्या साधारण ७१४ पट. आयडीई ही डिस्क जोडायची दुसरी पद्धत. तिचा पीआयओ मोड ० (प्रोसेसरमार्फत डेटा नेण्याची सगळ्यात संथ पायरी) हा २८.८के मोडेमच्या जवळपास ९१७ पट. हाताने करून पाहिलं तरी हेच येतं. दशांशापुढे इतके आकडे कशाला दाखवतात हे मात्र कळत नाही.

अडचण गणितात नाहीच. समोरासमोर ठेवलेले डिस्कचा आणि मोडेमचा हे दोन आकडे एका जातीचे नाहीत, आणि कन्व्हर्टर ते सांगत नाही. पीआयओ मोड ० मध्ये एका फेरीला ६०० नॅनोसेकंद लागतात आणि प्रत्येक फेरीत २ बाइट जातात, म्हणून ३.३ एमबी. मोड ४ मध्ये तीच फेरी १२० नॅनोसेकंदांची, म्हणून १६.७ एमबी. ही झाली केबलची कमाल मर्यादा. तबकडीवरून डेटा किती वेगाने वाचला जातो याचा त्यात काही संबंध नाही, आणि त्या काळातल्या डिस्क या मर्यादेच्या बऱ्याच खाली चालायच्या. मोडेमचं वेगळं. व्ही.३४ या मोडेम मानकाचे ३३,६०० बीपीएस हे दोन मोडेमनी फोन लाइन तपासून आपसात ठरवलेले असतात. लाइनवर खरखर असेल तर २,४००-२,४०० ने खाली उतरत ३१,२००, २८,८०० असं काहीतरी ठरतं. ५६के तर व्ही.९० या मानकात फक्त डाउनलोडला, अपलोड ३३,६०० वरच थांबतो. यादीत ‘मोडेम ५६के’ अशी एकच नोंद आहे. दिशेप्रमाणे दोन हव्या होत्या.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो बाइटमध्ये किती बिट धरायचे यावर. नेटवर्क कार्ड नसलेल्या जुन्या पीसीतून डेटा काढायचा तर बहुतेक वेळा सीरियल पोर्टला नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी तार) लावावी लागते. तिथे प्रत्येक बाइटच्या आधी स्टार्ट बिट आणि नंतर स्टॉप बिट जातो. म्हणजे ८ नाही, १० बिट. कन्व्हर्टर डोळे मिटून ८ ने भागतं. ५४० एमबीच्या डिस्कला १,१५,२०० बीपीएसने १० तास २५ मिनिटं लागतील असं ते सांगतं. प्रत्यक्षात तारेवरून सेकंदाला ११,५२० बाइटच जातात, म्हणजे १३ तासांच्या थोडं वरच. त्यावर फाइल पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचा वेळ आणखी. रात्री लावून सकाळी मशीन मोकळं मिळेल असं कुणाला सांगायचं असेल तर हा अडीच तासांचा फरक फार मोठा आहे.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीचंही तसंच. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावतात. १४.४के मोडेमवर ८ च्या हिशेबाने ८१९ सेकंद, १० च्या हिशेबाने १,०२४ सेकंद, म्हणजे १७ मिनिटं ४ सेकंद. मोडेममध्ये व्ही.४२ (चुका दुरुस्त करणारं मानक) सुरू असेल तर स्टार्ट-स्टॉप बिट फोन लाइनवर जातच नाहीत, ते कॉम्प्युटर आणि मोडेममधल्या तारेपुरतेच उरतात. म्हणून एकच नियम सगळीकडे लावून भागत नाही. शिवाय जुन्या लॉगमध्ये ‘कनेक्ट ११५२००’ दिसलं तरी तो लाइनचा वेग समजू नये. बरेच मोडेम तिथे पोर्टचा वेग दाखवत. असा आकडा कन्व्हर्टरमध्ये टाकला तर येणारं उत्तर वाचायलाच छान.

किलो आणि किबीच्या बाबतीत मात्र या कन्व्हर्टरचं मनापासून कौतुक. १००० ची आणि १०२४ ची एककं वेगळी ठेवली आहेत आणि मोडेमचे सगळे वेग १००० च्या हिशेबाने आहेत, जे बरोबर आहे. १.४४ एमबी हा आकडा या दोन्हीत बसत नाही, कारण तिथला एमबी १००० गुणिले १०२४ बाइटचा. तेव्हा फ्लॉपीसाठी सरळ बाइट टाकावेत.

स्कझीच्या नावांपाशी सावध राहा. फास्ट म्हणजे १० एमबी, वाइड (एका वेळी नॅरोच्या ८ ऐवजी १६ बिट नेणारी) झाली की दुप्पट, २०. नुसती अल्ट्रा पण २०, अल्ट्रा वाइड ४०. अल्ट्रा-२ समोर कन्व्हर्टर ८० दाखवतं, पण तो वाइडचा वेग आहे, नॅरोचा ४०. नाव वाचण्यापेक्षा डिस्कचा कनेक्टर बघावा: ५० पिनांचा असेल तर नॅरो, ६८ चा असेल तर वाइड.

पाचपैकी चार देईन. एक बाइट बरोबर १० बिट, असं निवडायची सोय दिली तर पाच. तोवर सीरियल पोर्टसाठी मी बीपीएसच्या चौकटीत १,१५,२०० ऐवजी ९२,१६० टाकतो. पोर्टचा वेग गुणिले ०.८, एवढंच. मग बाइटमधलं उत्तर ११,५२० असं नेमकं येतं.