बरेच महिने फक्त कंप्युटरशी खेळून: कोणता बॉट चांगला, कोणता नुसताच तगडा

ऑनलाइन माणसांशी खेळणं मी गेल्या पावसाळ्यात बंद केलं. वेळ मिळतो रात्री अकरानंतर, त्यात पोरगी उठली की गेम आहे तसा टाकून पळावं लागतं, आणि समोर माणूस असला की शिव्या पडतात. बॉटला, म्हणजे कंप्युटर चालवतो त्या खेळाडूला, पॉज चालतो. तेव्हापासून स्ट्रॅटेजी, बुद्धिबळ, शूटिंग, रेसिंग, जे काही खेळलो ते कंप्युटरशीच. एवढ्यावरून माझं मत असं की बॉट किती तगडा आहे याने फारसं काही ठरत नाही. तो कशाच्या जोरावर जिंकतो ते बघावं.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या एज ऑफ एम्पायर्स २च्या डेफिनेटिव्ह एडिशनवर. १९९९च्या मूळ गेममधला कंप्युटर सर्वांत अवघड पातळीवर चक्क फुकटचं सामान घ्यायचा. आपण एकेक मेंढी मोजतोय आणि त्याच्या कोठारात आपोआप भर पडतेय. २०१९च्या या आवृत्तीतला नवा एआय असं काही करत नाही, अगदी 'एक्स्ट्रीम'वरही नाही. तरी धुतो. कारण त्याचं टाउन सेंटर कधी रिकामं बसत नाही, गावकरी निघतच राहतात, आणि लढाई चालू असताना त्याची शेतीही चालू असते. मी मँगोनेलचा, म्हणजे दगडफेकी यंत्राचा, दगड सोडला की त्याचे तिरंदाज झटकन बाजूला होतात. माझे जागच्या जागी उभे राहून मरतात. चडफड होते, पण नंतर रेकॉर्डिंग बघितलं की आपण कुठल्या मिनिटाला मागे पडलो ते स्पष्ट दिसतं. असा बॉट शिकवतो.

भिडू म्हणून घेतला तर आणखी मजा. चॅटमध्ये नुसतं ३ टाइप केलं की अन्न मागितल्यासारखं होतं, असेल तर देतो. ३१ टाइप केलं की हल्ल्याला निघतो. विरुद्ध बाजूला असला आणि डाव हातचा गेला असं त्याला वाटलं की 'जीजी' (गुड गेम) म्हणून चालता होतो. किल्ला पाडायची हौस राहून जाते खरी, पण झोप मिळते.

सिव्हिलायझेशन ६चं नेमकं उलटं. तिथे 'डेटी' या सर्वांत अवघड पातळीवर कंप्युटर जास्त हुशार होत नाही, त्याला जास्त मिळतं. आपण एक सेटलर (नवं शहर वसवणारा) घेऊन सुरुवात करायची, त्याला तीन. शुद्ध रडीचा डाव. सुरुवातीचा काळ कसाबसा तगलात की पुढे तोच कंप्युटर एवढं मोठं सैन्य घेऊन गावाच्या वेशीवर घोटाळत बसतो. मी 'प्रिन्स'वर परत आलो, तिथे कुणालाच वरकमाई नाही.

बुद्धिबळात फरक सगळ्यात छान कळतो. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर स्टॉकफिश या इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आठ पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर तो चारपाच चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळतो आणि पुढच्या चालीला वजीर काढून हातात देतो. जिंकल्याचा आनंदही धड होत नाही. माणूस असा चुकत नाही. माणूस घाईत चुकतो, प्यादं खाण्याच्या मोहात चुकतो. म्हणून मी माइयाकडे वळलो. हे इंजिन लिचेसवर माणसांनी खेळलेल्या लाखो डावांवर शिकवलंय, आणि ११०० ते १९०० रेटिंगपर्यंत त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. सर्वोत्तम चाल कोणती याच्या भानगडीत ते पडत नाही. त्या रेटिंगचा माणूस काय खेळेल याचा अंदाज बांधतं आणि तेच खेळतं. एका डावात मी उंट सी-४ला, घोडा जी-५ला नेऊन एफ-७वर, म्हणजे त्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर, डोळा ठेवला. त्याने डी-५ची चाल बरोबर केली, मी ते प्यादं खाल्लं, आणि त्याने ते घोड्याने परत खाल्लं. लगेच माझा घोडा एफ-७वर आणि त्याचा राजा उघड्यावर. आमच्या सोसायटीतला प्रत्येक नवशिका नेमका इथेच अडकतो. कंप्युटरशी खेळताना मला पहिल्यांदा समोर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं.

शूटिंगबद्दल थोडक्यात. काउंटर-स्ट्राइकचे बॉट, म्हणजे २००४च्या कंडिशन झीरोपासूनचे, 'एक्सपर्ट'वर ठेवले की निशाणा पक्का आणि अक्कल बेताची; हात गरम करायला ठीक. लेफ्ट फॉर डेड २मध्ये मात्र तिघेही भिडू बॉट घेऊन मी अख्ख्या मोहिमा पार केल्या. ते पाइप बॉम्ब फेकत नाहीत, मोलोटोव्हला हात लावत नाहीत. पण तुम्ही आडवे झालात की उचलायला धावतात, आणि जीव कमी दिसला की स्वतःकडच्या औषधाच्या गोळ्यांची बाटली तुम्हाला देतात. माझ्या खऱ्या मित्रांपैकी कुणी गोळ्या दिल्याचं मला तरी आठवत नाही.

तक्रार आहे ती मोबाईलवरच्या एका बॅटल रॉयलबद्दल, म्हणजे शेवटपर्यंत जगेल तो जिंकला अशा गेमबद्दल. नाव घेत नाही. त्यात बॉट असतात पण सांगत कुणी नाही. नाव माणसाचं, कपडे माणसाचे, आणि गोळी लागल्यावर गडी उघड्या मैदानात उभाच. कच्चा लिंबू खेळात घ्यायला हरकत नाही, पण तो कच्चा लिंबू आहे हे बाकीच्यांना माहीत असतं! फोर्टनाइटने २०१९मध्ये बॉट आणले तेव्हा आधी जाहीर केलं होतं. इथे मात्र दहा जण टिपल्याचा आनंद दुसऱ्या दिवशी ओसरतो. मी तो गेम काढून टाकला.

रेसिंगमध्ये पूर्वी कंप्युटरच्या गाड्यांना रबर बांधलेलं असायचं. आपण कितीही पुढे जा, शेवटच्या वळणाला ती मागे हजर. एफ१ २३मध्ये एआयची ताकद ० ते ११० अशी पट्टीवर लावता येते, ही सोय मला फार आवडली, कारण एकेका आकड्याने वाढवत नेता येतं. माझी सध्या ७८वर आहे. पण एकच आकडा सगळ्या ट्रॅकना पुरत नाही. बाहरीनला त्यावर पहिल्या तिनात येतो, मोनॅकोला शेवटच्या चारात, म्हणून तेवढ्यापुरता ७०वर आणतो. पावसाचं गणित अजून जमलेलं नाही. मी घसरत असतो आणि त्यांच्या गाड्या रस्ता कोरडा असल्यासारख्या पळतात. ओल्या ट्रॅकसाठी कुणी चांगला आकडा शोधला असेल तर सांगा.