आजीवन वॉरंटीच्या नावाखाली स्टोव्हच गेला

कॅम्पिंगचा स्टोव्ह दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवणार असाल, तर आधी हे वाचा.

माझा स्टोव्ह रॉकेलवर चालणारा होता. इंधनाची बाटली, तिच्या तोंडाला हातपंप आणि तिथून बर्नरपर्यंत नळी. बरीच वर्षं त्याने इमानेइतबारे साथ दिली. कडाक्याच्या थंडीत तोच भरवशाचा, कारण शून्य अंशाच्या खाली साध्या गॅसच्या डब्यातल्या ब्यूटेनचा वायूच होत नाही आणि ज्योत मरगळते. इथे दाब आपण पंप मारून देतो. निपल तुंबलं की पिन मारायची, पंपाच्या वॉशरला तेलाचं बोट लावायचं, की पुन्हा निळी ज्योत.

मग एकदा पंप मारताना, नळी जिथे पंपात बसते तिथे थेंब जमलेला दिसला. पुसला, पुन्हा आला. बर्नरपासून हातभर अंतरावर इंधन गळतंय म्हटल्यावर पेटवायचा प्रश्नच नव्हता. सांधा उघडला. आतली रबरी ओ-रिंग कडक झाली होती, वाकवली की बारीक भेगा दिसत होत्या.

कंपनीला फोटो पाठवून तेवढी रिंग विकत मागितली. उत्तर अगदी गोड आलं: सुटे भाग देत नाही, पण तुमच्या स्टोव्हला आजीवन वॉरंटी आहे, अख्खा संच पाठवा, दुरुस्त करून देऊ. स्वखर्चाने पाठवला. पोचल्याचा निरोप आला, पुढे काहीच नाही. बराच पाठपुरावा केल्यावर कळवलं की रबरी भागांची झीज वॉरंटीत बसत नाही, हे मॉडेल बंद झालंय, आणि तपासणीत स्टोव्ह असुरक्षित ठरल्यामुळे तो परत मिळणार नाही. बदल्यात काय, तर नव्या मॉडेलवर सवलतीचं कूपन!

मॉडेल फोटोत दिसत होतं, भेगाही दिसत होत्या. म्हणजे यातलं बहुतेक सगळं त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होतं. तेव्हाच नाही म्हणाले असते तर स्टोव्ह माझ्याकडे राहिला असता. माझी वस्तू गोड बोलून मागवून घ्यायची आणि मग ठेवूनच घ्यायची, याला मी फसवणूकच म्हणते.

म्हणून दुरुस्ती झाली नाही तर वस्तू आहे तशी परत मिळेल, हे पार्सल करण्याआधी लेखी घ्या. फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. नवा स्टोव्ह घेताना वॉशर-रिंगा सुट्या मिळतात का, हे वॉरंटीच्या आधी विचारा.

रिंग स्वतः बदलणार असाल तर मापाइतकंच रबरही महत्त्वाचं. नायट्राइल किंवा व्हिटॉनची रिंग रॉकेलला टिकते. पाण्याच्या नळासाठी वापरतात ती ईपीडीएमची रिंग तशीच दिसते, पण रॉकेलमध्ये फुगते आणि सांधा पुन्हा गळतो. नवी रिंग बसवल्यावर लगेच पेटवू नका. बर्नरची चावी बंद ठेवून पंप मारा, थोडा वेळ जाऊ द्या आणि सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून बघा.