एआय इन बिझनेसचं पीजी: तीन सेमिस्टर झाल्यावरचा माझा अनुभव

तिसरं सेमिस्टर संपलं, आता चौथ्यात फक्त डिझर्टेशन राहिलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. मी चाकणला एका ऑटो स्पेअर पार्ट्सच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे आणि नोकरी सांभाळून वीकेंडला एआय इन बिझनेसचं दोन वर्षांचं पीजी करतेय, इथेच पुण्यात. कॉलेजचं नाव टाकत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कॉलेजबद्दल नाहीये, या प्रकारच्या कोर्सबद्दल आहे, आणि ओळखीतले इतके जण सध्या विचारतायत की एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी हे सांगते की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला म्हणून एवढी फी भरू नका. पायथन, डेटाबेसमधून डेटा काढायचं एसक्यूएल, चार्ट-रिपोर्ट बनवायचं पॉवर बीआय हे सगळं घरबसल्या फुकटात किंवा फार कमी पैशात शिकता येतं आणि वर्गातही ते भरभर उरकतात. पैसे वसूल होतात ते दुसऱ्याच गोष्टीत, म्हणजे धंद्यातला प्रश्न मॉडेलपुढे, म्हणजे जुन्या डेटावरून शिकून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमपुढे, मांडायचा कसा आणि मॉडेल चुकलं तर कुठल्या बाजूला चुकलेलं परवडतं. ते मला युट्यूबवर कुठे धड मिळालं नव्हतं.

दुसऱ्या सेमला मशीन लर्निंगच्या पहिल्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: १००० पार्ट, त्यातले १० रिजेक्ट. मग विचारलं, एक मॉडेल आहे जे सरसकट प्रत्येक पार्टला ओके म्हणतं, त्याची अ‍ॅक्युरसी किती? ९९ टक्के. मग म्हणाले, समजा खराब पार्ट कस्टमरकडे गेला तर २०,००० चा फटका बसतो आणि पार्ट परत तपासायला ५० रुपये लागतात, आता हिशोब करा. तर ते ९९ टक्क्यांचं मॉडेल पडतं २ लाखाला. आणि दुसरं एक मॉडेल दहाच्या दहा खराब पार्ट पकडतं पण सोबत १५० चांगल्या पार्टवरही संशय घेतं, त्याची अ‍ॅक्युरसी ८५ टक्केच, पण खर्च १६० पार्ट परत तपासायचा, म्हणजे ८,००० रुपये. प्रिसिजन (संशय घेतलेल्यांतले खरंच खराब किती) आणि रिकॉल (एकूण खराबांतले पकडले किती) मी आधी पाठ केलेलं होतं, डोक्यात शिरलं ते त्या दिवशी. आता ऑफिसात कुठलाही व्हेंडर एआयचं प्रेझेंटेशन घेऊन आला आणि अ‍ॅक्युरसीचा आकडा दाखवला की मी आधी विचारते, चुकलेले कुठे चुकले ते दाखवा.

माझा सगळ्यात आवडता भाग प्रोजेक्ट. मी कंपनीची परवानगी काढून, पार्टची नावं बदलून, आमच्याच स्पेअरच्या डिमांडचं फोरकास्टिंग घेतलं. स्पेअरमध्ये गंमत अशी असते की बरेचसे पार्ट महिनोन्‌महिने विकले जात नाहीत आणि मग एकदम एक मोठी ऑर्डर येते, त्यामुळे पुस्तकातला नेहमीचा एरर, म्हणजे अंदाज किती टक्क्यांनी चुकला तो, काढताच येत नाही, प्रत्यक्ष विक्री शून्य असली की भागाकारच अडतो. मॅडमनी क्रॉस्टनची पद्धत सुचवली, १९७२ सालची आहे, ती डिमांड केवढी येते आणि किती दिवसांनी येते या दोन गोष्टींचा अंदाज वेगवेगळा काढते. ग्रुपमधल्या मुलांना न्यूरल नेटवर्क हे भारीतलं मॉडेलच लावायचं होतं, तेही लावलं, आणि आमच्या डेटावर हळू खपणाऱ्या पार्टसाठी ती पन्नास वर्षांपूर्वीची पद्धत जास्त चांगली ठरली. आधी साधी पद्धत लावून बघायची आणि तिला हरवलं तरच भारी मॉडेलचं नाव काढायचं, हा नियम मॅडमनी शेवटपर्यंत सोडला नाही आणि मला तो फार पटलाय.

पण खरा धक्का दिला आमच्या स्टोअरच्या काकांनी. मी त्यांना ग्राफ दाखवत होते की बघा या महिन्यांत या गॅस्केटची डिमांड शून्य आहे, तर ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, आपल्याकडं मालच नव्हता." बिल तर माल असला तरच फाटतं ना, म्हणजे सिस्टीममध्ये जी शून्यं दिसतात त्यातली कितीतरी डिमांडची नाहीतच, स्टॉक संपल्याची आहेत, आणि मॉडेल ती शून्यं शिकून पुढच्या वेळी अजून कमी माल मागवायला सांगणार, मग अजून शून्यं. मग काकांचं पेंडिंग ऑर्डरचं रजिस्टर घेऊन बसले आणि तसले महिने एकेक करून वेगळे काढले. प्रोजेक्टचा बराचसा वेळ यातच गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

तिसऱ्या सेमला जनरेटिव्ह एआय, म्हणजे मजकूर वगैरे स्वतः तयार करणारं. २०१७ चा ट्रान्सफॉर्मरचा (आजचे एआय चॅटबॉट ज्या रचनेवर चालतात तिचा) पेपर वर्गात थोडा थोडा वाचून घेतला, मग कंपनीची कागदपत्रं शोधून त्यावरून उत्तर देणारा चॅटबॉट बनवायचा असं असाइनमेंट होतं. बनवायला सोपं आहे, चुकीची उत्तरं पकडायला अवघड, आणि जबाबदारी कोणाची हा विषय तर अजूनच वेगळा. एअर कॅनडाच्या केसवर आमच्याकडे जोरदार चर्चा झाली होती, त्यांच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला रिफंडची चुकीची माहिती दिली, कंपनी म्हणाली की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, आणि २०२४ मध्ये तिथल्या ट्रिब्युनलनं ते सपशेल फेटाळून प्रवाशाला पैसे द्यायला लावले. आमच्या बॅचमध्ये बँकेतले, हॉस्पिटल अ‍ॅडमिनवाले, आयटीवाले असे सगळे आहेत, त्यामुळे अशा चर्चा फार रंगतात, आणि ऑनलाइन रेकॉर्डेड कोर्समध्ये हे मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तक्रारी. कायद्याचा भाग आमच्याकडे अक्षरशः गुंडाळला. २०२३ चा आपला डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून लागू झालाय, टप्प्याटप्प्यानं, त्यात नोकरभरती आणि कर्जाची पत ठरवणारी मॉडेलं हाय रिस्कमध्ये धरलीत, आणि सिस्टीम भारतात बनली पण तिचं आउटपुट युरोपात वापरलं तरी तो लागू होऊ शकतो. पुण्यातल्या किती कंपन्यांचे क्लायंट जर्मनीत आहेत! हे नीट शिकवायलाच हवं होतं. दुसरं, अ‍ॅडमिशनच्या वेळी इंडस्ट्री प्रोजेक्ट म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात ज्यांनी स्वतःच्या कंपनीतून डेटा आणला त्यांनाच तो मिळाला, बाकीच्यांच्या हातात इंटरनेटवरचे आधीच धुऊन पुसून ठेवलेले डेटासेट आले. फ्रेशर मुलांचं यात खरंच नुकसान झालं, मला त्याचं वाईट वाटतं. आणि एका विषयाला सेमिस्टरच्या मध्येच शिकवणारे बदलले, त्या विषयाचा पाया कच्चा राहिला तो राहिलाच.

गणिताची भीती वाटत असेल तर, स्टॅटिस्टिक्सला पर्याय नाही, प्रॉबॅबिलिटी, रिग्रेशन, हायपोथिसिस टेस्टिंग एवढं रोज लागतं. बीकॉमवाल्या दोघी आहेत आमच्यात, पहिलं सेम त्यांना खूप जड गेलं पण खर्च-नफ्याच्या बाजूला त्या आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत, त्यामुळे कॉमर्सवाल्यांनी घाबरू नये. मात्र तीन-चार वर्षं कुठेतरी काम करून मग आलात तर जास्त उपयोग होईल, प्रश्नच माहीत नसले तर उत्तरं शिकून ठेवून फार काही होत नाही.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी डिग्री आहे की सर्टिफिकेट ते कागदावर बघा, पीजी प्रोग्रॅम असं लिहिलेलं बरंचसं नुसतं सर्टिफिकेट असतं. ऑनलाइन डिग्री असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत तो कोर्स आहे का तपासा, पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा) असेल तर एआयसीटीईची मान्यता. काउन्सेलर फोनवर गोड बोलतात, त्यांच्याकडून मागच्या बॅचच्या प्रोजेक्टची यादी मागून घ्या आणि त्यातल्या कितींचा डेटा खऱ्या कंपनीतून आला होता ते विचारा. शिवाय शक्य असेल तर एखाद्या शनिवारी वर्गात मागे बसून एक लेक्चर ऐकू देतात का बघा, आमच्याकडे देतात.